उताऱ्यावरचे गोंधळात टाकणारे प्रश्न आणि पर्याय बाद करण्याची रीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चोपड्याच्या आमच्या अभ्यासिकेत यावल, शिरपूर, अमळनेर, क्वचित पार शहाद्याहूनही मुलं येतात. राज्यसेवा पूर्वपरीक्षेचा दुसरा पेपर, म्हणजे सीसॅट, जवळ आला की व्हॉट्सॲपवर तेच ते प्रश्न पडू लागतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करून बोटं दुखली, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न नवोदय आणि शिष्यवृत्तीच्या मुलांच्या पालकांचेही आहेत. जिथे "प्रश्न ७ पाहा" असं लिहिलं आहे तिथे खरंच जाऊन पाहा, कारण तेच पुन्हा लिहिलेलं नाही.

१. सर, एलिमिनेशन, म्हणजे पर्याय बाद करणं, हे अंदाजपंचेच ना? फक्त नाव भारी?

नाही. चारही पर्याय सारखेच वाटत असताना एकावर बोट ठेवलं तर ते अंदाजपंचे. बाद करायचं तर प्रत्येक पर्यायासमोर "हा का नको" याचं कारण सांगता आलं पाहिजे, आणि त्यासाठी उताऱ्यातली ओळ दाखवता आली पाहिजे, किंवा तशी ओळच नाही हे दाखवता आलं पाहिजे. कारण नसेल तर पर्याय जिवंत राहतो. "मनाला पटत नाही" हे कारण होत नाही.

केळीची गाडी भरताना पाहिलंय ना? चांगली फणी शोधत कुणी बसत नाही. डागी, खरचटलेली, पिकायला लागलेली बाजूला निघते आणि उरलेला माल गाडीत चढतो. इथेही तसंच.

२. पण थेट बरोबर उत्तरच शोधलं तर काय बिघडतं?

सोप्या प्रश्नात काहीच बिघडत नाही. उताऱ्यात साल दिलंय आणि प्रश्नात साल विचारलंय, तर पाहा, गोळा रंगवा, पुढे चला. पद्धतीचं कौतुक तिथे नको.

भानगड होते ती "सर्वाधिक योग्य", "लेखकाला काय सुचवायचे आहे", "कोणता निष्कर्ष काढता येईल" अशा प्रश्नांत. पेपर काढणारा बरोबर पर्याय बऱ्याचदा वेगळ्या, नीरस शब्दांत लिहितो आणि चुकीच्या पर्यायात उताऱ्यातलेच ठसठशीत शब्द जसेच्या तसे पेरतो. आपण बरोबर उत्तर शोधायला गेलो की डोळा ओळखीच्या शब्दांकडे ओढला जातो आणि फसतो. चूक शोधायला निघालो की तेच शब्द संशयास्पद वाटू लागतात.

३. आधी प्रश्न वाचायचे की आधी उतारा?

यावर अभ्यासिकेत भांडणं झाली आहेत. माझं मत: प्रश्न आधी वाचा, पर्याय नाही. पर्याय आधी वाचले की चारपैकी तीन चुकीची वाक्यं डोक्यात बसतात आणि उतारा वाचताना तीच दिसत राहतात. नवोदयच्या पाचवीतल्या मुलांना मात्र मी सरळ उतारा आधी वाचायला सांगतो. त्यांचे उतारे लहान असतात.

४. पर्याय बाद करायला कोणकोणती कारणं चालतात?

माझ्या वहीत पाच आहेत, आणि सगळ्यांचं वजन सारखं नाही.

सगळ्यात जास्त बळी घेणारं कारण म्हणजे पर्याय उताऱ्यापेक्षा जास्त बोलतो. उतारा म्हणतो "काही भागांत पाणीपातळी खालावली", पर्याय म्हणतो "पाणीपातळी खालावली". एक "काही भागांत" गळालं आणि विधान खोटं झालं. उतारा म्हणतो "मदत होऊ शकते", पर्याय म्हणतो "मदत होते". वाचताना हा फरक केसाएवढा वाटतो, पण निम्मे गोंधळाचे प्रश्न याच केसावर उभे असतात.

दुसरं, माहिती बाहेरची आहे. जगात ती खरी असेल, पण उताऱ्यात नाही. याबद्दल प्रश्न ६ मध्ये सविस्तर लिहिलं आहे, कारण आपल्याकडची मुलं इथे हटकून पडतात.

तिसरं, कार्यकारण उलटं केलेलं असतं. ठिबकमुळे लागवडीचा हंगाम बदलला, की हंगाम बदलायचा म्हणून ठिबक आलं? शब्द सगळे बरोबर, बाण उलटा.

चौथं, अर्धा पर्याय खरा आणि अर्धा खोटा. यात पहिला अर्धा नेहमी गोड असतो. पर्यायात "आणि", "म्हणून", "त्यामुळे" दिसलं की त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं वेगळं तपासा.

पाचवं म्हणजे पर्याय खरा आहे, उताऱ्यातही आहे, पण विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नाही. विचारलं कारण आणि दिला परिणाम. घाईत हा सुटतो.

५. एखादं उदाहरण सोडवून दाखवा ना. नुसतं वाचून डोक्यात बसत नाही.

हा उतारा मीच लिहिला आहे, कुठल्या पेपरातला नाही:

"खानदेशात केळीची लागवड मुख्यतः दोन हंगामांत होते. जून-जुलैमध्ये लावलेल्या बागेला मृगबाग, तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावलेल्या बागेला कांदेबाग म्हणतात. अलीकडे ठिबक सिंचन व टिशू कल्चरची रोपे यांमुळे काही शेतकरी या हंगामांच्या बाहेरही लागवड करू लागले आहेत. परिणामी, सर्व माल एकाच वेळी बाजारात येण्याचे प्रमाण काही अंशी कमी झाले आहे. तथापि, उन्हाळ्याच्या अखेरीस येणाऱ्या वादळी वाऱ्यांत घडांनी वाकलेली झाडे मोडून पडतात, आणि हा धोका लागवडीची वेळ बदलून पूर्णपणे टळत नाही."

प्रश्न: लागवडीची वेळ बदलण्याबाबत उताऱ्याच्या आधारे सर्वाधिक योग्य विधान कोणते?
(१) ठिबक सिंचनामुळे केळीचे उत्पादन वाढले आहे.
(२) वेळ बदलल्याने बाजारातील एकाच वेळची आवक थोडी घटली, तरी वाऱ्याचा धोका शिल्लक आहे.
(३) वेळ बदलल्याने वादळी वाऱ्यांचा धोका कमी होत नाही.
(४) शेतकऱ्यांनी पारंपरिक हंगाम सोडून लागवड करणे हिताचे आहे.

पर्याय (१) वाचून बागायतदाराचं पोर मान डोलावतं. पण उताऱ्यात "उत्पादन" हा शब्दच नाही. ठिबकचा संबंध जोडला आहे तो लागवडीच्या वेळेशी. बाहेरची माहिती, बाद.

पर्याय (४) मध्ये लेखक सल्ला देतो आहे. उताऱ्यात लेखकाने कुणाला काही करायला सांगितलेलं नाही, आणि "हिताचे" हा त्याचा निवाडाही नाही. उलट शेवटचं वाक्य अडचण सांगतं. बाद.

आता (२) आणि (३). वर्गात हा उतारा दिला की अर्धे हात (३) ला वर जातात. तो लहान आहे, ठाम आहे आणि शेवटच्या वाक्यासारखा दिसतो. पण उताऱ्यात आहे "पूर्णपणे टळत नाही" आणि पर्यायात आहे "कमी होत नाही". पूर्ण टळत नाही म्हणजे थोडा टळत असेलही. उतारा तेवढी फट ठेवतो, पर्याय ती बुजवतो. म्हणून (३) बाद. (२) मध्ये "थोडी घटली" हे "काही अंशी कमी झाले" चं रूप आणि "शिल्लक आहे" हे "पूर्णपणे टळत नाही" चं. कंटाळवाणा, लांबट, पण त्याला काट मारायला कारण सापडत नाही. उत्तर (२).

६. आमची स्वतःची केळीची बाग आहे. उताऱ्यात जे लिहिलंय ते मला चूक दिसतंय. तरी तेच धरायचं?

हो. तेच. शेतात तुम्ही बरोबर असाल, पेपरात उतारा बरोबर असतो.

हा प्रश्न रावेर-यावलकडून जितका येतो तितका दुसरीकडून येत नाही, आणि मला त्यात गंमतही वाटते आणि वाईटही. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ज्या मुलाच्या घरात ते प्रमाणपत्र चर्चेत असतं, तोच केळीच्या उताऱ्यावर पाचपैकी दोन आणतो आणि ज्याने आयुष्यात बाग पाहिली नाही तो चार आणतो. कारण दुसऱ्याकडे उतारा सोडून काहीच नसतं.

माझंही असंच झालंय. एका सराव पेपरात नद्यांवर उतारा होता आणि त्यात द्वीपकल्पातल्या नद्या पूर्वेकडे वाहतात असं सरसकट वाक्य होतं. एका पर्यायात तेच वेगळ्या शब्दांत. तापी आमच्या तालुक्याला लागून पश्चिमेला वाहते हे मी चड्डीत असल्यापासून पाहतोय. मी तो पर्याय काट मारून बाद केला, मनात पेपर काढणाऱ्याला दोन शब्दही ऐकवले, आणि गुण घालवले. प्रश्नाच्या सुरुवातीला "उताऱ्यानुसार" लिहिलं होतं.

उपाय सोपा आहे आणि थोडा हास्यास्पद आहे. ओळखीच्या विषयाचा उतारा आला की कडेला पेन्सिलने "मला माहीत नाही" असं लिहा. बागायतदारांच्या मुलांना मी हे सक्तीने करायला लावतो.

७. दोन पर्याय उरतात आणि तिथेच गाडी अडते. मग मी नेहमी चुकीचाच निवडतो. असं का?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. "नेहमी" चुकत नसाल, चुकलेले लक्षात राहतात. पण तक्रारीत तथ्य आहे, कारण उरलेल्या दोनांतला एक मुद्दाम तुमच्यासाठी लावलेला सापळा असतो.

दोन उरले की मुलं उतारा पुन्हा पहिल्यापासून वाचतात. ते करू नका. दोन पर्याय एकमेकांशेजारी ठेवा आणि त्यांच्यात फरक करणारा शब्द कोणता ते शोधा. वरच्या उदाहरणात तो होता "कमी होत नाही" आणि "शिल्लक आहे" यांतला. शब्द सापडला की फक्त त्या शब्दापुरतं उताऱ्यात जा. दहा-पंधरा सेकंदांचं काम.

फरक सापडला पण उताऱ्यात त्यावर काहीच नाही, असंही होतं. मग जो पर्याय कमी दावा करतो तो घ्या. "होऊ शकते" आणि "होते" यांत "होऊ शकते". "काही" आणि "बहुतेक" यांत "काही". कमी बोलणाऱ्याला खोटं पाडणं अवघड असतं. याला एक अपवाद आहे, तो प्रश्न ८ मध्ये.

आणि दोन्ही पर्याय एकच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगत असतील तर? उत्तर एकच असायचं आहे, म्हणजे बहुधा दोन्ही चूक. मघाशी घाईत काटलेल्या दोघांकडे परत जा.

८. "फक्त", "नेहमी", "सर्व", "कधीही नाही" असे शब्द दिसले की पर्याय डोळे झाकून काटायचा, असं एका क्लासमध्ये सांगितलंय. बरोबर ना?

डोळे उघडे ठेवून काटायचा. असे पर्याय जास्त वेळा चुकतात हे खरं, पण उतारा स्वतःच टोकाचा असेल तर उत्तरही टोकाचं असतं. उताऱ्यात "हा अधिकार केवळ ग्रामसभेलाच आहे" असं असेल आणि पर्यायात "ग्रामसभेखेरीज कोणालाही हा अधिकार नाही" असं, तर तो बरोबर आहे. तिथे "ग्रामसभेला हा अधिकार असू शकतो" हा मऊ पर्याय घेणारा पडतो.

म्हणजे पर्यायातल्या शब्दाचा जोर उताऱ्यातल्या जोराशी जुळतो का, एवढंच पाहायचं. असल्या युक्त्या आता पेपर काढणाऱ्यांनाही पाठ झाल्या आहेत.

९. "केवळ अ", "केवळ ब", "अ आणि ब दोन्ही", "दोन्ही नाहीत" या प्रकारात काय बाद करायचं?

इथे पर्याय विसरा, विधानं तपासा, आणि ज्याबद्दल खात्री आहे ते आधी घ्या. प्रश्न ५ च्याच उताऱ्यावर ही दोन पाहा:
(अ) मृगबागेपेक्षा कांदेबागेला वाऱ्याचा धोका कमी असतो.
(ब) पूर्वी माल एकाच वेळी बाजारात येण्याचे प्रमाण आजच्यापेक्षा जास्त होते.

(अ) मध्ये दोन बागांची तुलना आहे. उताऱ्यात ती कुठेही नाही. (अ) पडलं की "केवळ अ" आणि "दोन्ही" एका फटक्यात गेले. उरलं "केवळ ब" की "दोन्ही नाहीत". (ब) उताऱ्यात जसंच्या तसं लिहिलेलं नाही, म्हणून पुष्कळ जण "दोन्ही नाहीत" रंगवतात. पण "प्रमाण कमी झाले आहे" याचा दुसरा अर्थच असा की आधी जास्त होतं. हा निष्कर्ष आहे आणि तो निघतो. उत्तर "केवळ ब".

तीन-चार विधानं असतील तरी युक्ती तीच. एक विधान पक्कं चूक ठरलं की निम्मी पाटी पुसली जाते.

१०. "वरीलपैकी एकही नाही" हा पर्याय कधी निवडायचा?

बाकीच्या तिघांना प्रश्न ४ मधलं कारण सापडलं तरच. "काही पटत नाहीये" म्हणून निवडाल तर पस्तावाल. "वरील सर्व" साठी उलटं: दोन पक्के बरोबर सापडले आणि एकच उत्तर द्यायचं असेल, तर तिसऱ्यावर डोकं घासत बसू नका.

११. "पुढीलपैकी कोणते विधान उताऱ्यात आलेले नाही?" यात मी हमखास उलटं उत्तर देतो.

सगळेच देतात. मेंदू बरोबर विधान शोधायला सोकावलेला असतो, पहिलंच खरं विधान दिसलं की हात गोळ्याकडे जातो. प्रश्नातल्या "नाही"भोवती पेनाने मोठं वर्तुळ काढा आणि प्रत्येक पर्यायासमोर उताऱ्यातल्या ओळीचा क्रमांक लिहा. ज्याच्यासमोर क्रमांक लिहिता आला नाही ते उत्तर.

"अयोग्य नसलेले विधान" असं दुहेरी नकाराचं मराठीही कधी कधी येतं. ते सरळ करून कडेला लिहून घ्या: "योग्य कोणते?" मनातल्या मनात उलटवू नका.

१२. शीर्षक आणि मध्यवर्ती कल्पना: चारही चालतील असेच वाटतात.

कारण चारही उताऱ्यातूनच उचललेले असतात. इथे खरं-खोटं लावून उपयोग नाही, माप लावायचं. अंगरखा मोठा झाला किंवा तोकडा झाला की बाद. केळीच्या आपल्या उताऱ्याला "भारतातील फळशेती" हे शीर्षक घोळदार होईल आणि "मृगबाग व कांदेबाग" तोकडं, कारण ते दुसऱ्या वाक्यातच संपतं. "केळी लागवडीच्या बदलत्या वेळा: फायदा आणि मर्यादा" हे अंगाबरोबर बसतं.

"तथापि", "मात्र", "परंतु" नंतर उताऱ्याने वळण घेतलं असेल, तर वळणाआधीचंच सांगणारा पर्याय तोकडा समजा.

१३. निष्कर्ष आणि गृहीतक यांत गल्लत होते. बाद करण्याची रीत दोन्हीकडे एकच का?

नाही, इथे रीत बदलते.

निष्कर्ष उताऱ्याच्या पुढे उभा असतो: उतारा खरा मानला तर हे खरं असलंच पाहिजे का? "असेलही" असं उत्तर आलं तर बाद.

गृहीतक उताऱ्याच्या खाली, पायात असतं. लेखकाने ते लिहिलेलं नसतं, पण त्यावाचून त्याचा मुद्दा उभा राहत नाही. म्हणून "उताऱ्यात नाही" हे कारण इथे लागू करू नका. त्याऐवजी पर्याय उलटवून पाहा. समजा लेखक म्हणतो, "गावात वाचनालय काढले की मुलांचे वाचन वाढेल." गृहीतक म्हणून पर्याय आहे, "पुस्तके सहज न मिळणे हे वाचन कमी असण्याचे एक कारण आहे." उलटवा: पुस्तकं न मिळण्याचा वाचनाशी संबंधच नाही. लेखकाचा मुद्दा कोसळला? कोसळला. म्हणजे ते गृहीतक. दुसरा पर्याय, "सर्व गावांत वाचनालये आहेत", उलटवा. मुद्द्याला धक्का लागत नाही. बाद.

१४. मराठीतला उतारा इतका जड असतो की कळतच नाही. शेजारी छापलेला इंग्रजी वाचू का?

राज्यसेवेच्या सीसॅटमध्ये बरेच उतारे दोन्ही भाषांत असतात आणि मराठी हे भाषांतर असल्याचं जाणवतं. सगळा उतारा दोनदा वाचायला वेळ नाही. पण दोन पर्याय उरले आणि फरक करणाऱ्या शब्दावर घोडं अडलं (प्रश्न ७ पाहा), तर तेवढंच वाक्य दुसऱ्या भाषेत पाहा. इंग्रजीतला "फ्यू" मराठीत "काही" होऊन उतरतो, आणि खरा अर्थ असतो "फारसे नाहीतच". "ओन्ली इफ" चं नुसतं "जर" होतं. "मे" चं "शकते" कधी कधी गळून पडतं. असा एक शब्द अख्खा प्रश्न फिरवतो.

इंग्रजीची भीती असलेल्यांनी एवढे दहा-बारा छोटे शब्द तरी पाठ करावेत.

१५. घरी आम्ही अहिराणी बोलतो. प्रमाण मराठीच्या उताऱ्यात त्यामुळे मागे पडतो का?

अहिराणीमुळे नाही, पुस्तकी जोडशब्दांमुळे, आणि ते पुण्यातल्या मुलालाही अडतात. "किंबहुना" हा "किंवा" चा भाऊ समजून वाचणारे मी दर वर्षी पाहतो. त्याचा अर्थ "इतकंच काय, त्याहूनही पुढे जाऊन". "तथापि" म्हणजे "तरीही". "परिणामी" म्हणजे "त्यामुळे". "अन्यथा", "वस्तुतः", "अनुषंगाने", "अपरिहार्य" हेही त्याच गावचे. अशा पंचवीस-तीस शब्दांची यादी करून भिंतीला चिकटवा.

अहिराणीचा उलट फायदा करून घ्या. पर्याय मनात आपल्या बोलीत म्हणून पाहायचा. आमच्याकडचा एक जण प्रत्येक पर्यायाला "हाई कोठे लिखेल शे?" असं विचारतो, तेही ऐकू येईल इतक्या मोठ्याने. अभ्यासिकेत त्यावरून हसणं होतं, पण हसणारेही आता मनात तेच म्हणतात. पुस्तकी वाक्याचा रुबाब बोलीत उतरला की आतला पोकळपणा लगेच दिसतो.

१६. निगेटिव्ह मार्किंग आहे. किती पर्याय बाद झाले की गोळा रंगवावा?

राज्यसेवा पूर्वच्या सीसॅटमध्ये ८० प्रश्न, २०० गुण, म्हणजे बरोबरला २.५. चुकीला एक चतुर्थांश, म्हणजे ०.६२५ जातात. यूपीएससीत बरोबरला तेवढेच, पण चुकीला एक तृतीयांश, सुमारे ०.८३ जातात. दोन्हीकडे पेपर आता पात्रतेपुरता आहे, ३३ टक्के म्हणजे ६६ गुण लागतात.

असे १२ प्रश्न धरा. एकही पर्याय बाद न करता ठोकले तर सरासरीने ३ बरोबर येतील: राज्यसेवेत हाती १.८७५, यूपीएससीत शून्य. प्रत्येकात एक पर्याय खात्रीने बाद केला तर ४ बरोबर: राज्यसेवेत ५, यूपीएससीत ३.३३. दोन बाद केले तर ६ बरोबर: ११.२५ आणि १०. म्हणून माझा नियम: दोन बाद झाले तर रंगवा, एकच बाद झाला तर राज्यसेवेत रंगवा आणि यूपीएससीत त्या दिवशीचा हिशेब पाहून ठरवा, एकही नाही तर सोडा.

पण या गणितात एक मेख आहे. ते चालतं ते बाद केलेले पर्याय खरोखर चूक असतील तरच. बरोबर उत्तरालाच काट मारली असेल तर उरलेल्या दोनांत काहीही निवडा, ०.६२५ गेलेच. म्हणून कारणाशिवाय काट नको हे मी प्रश्न १ पासून घोकतोय.

निर्णयक्षमतेच्या, म्हणजे प्रसंग देऊन "तुम्ही काय कराल" असं विचारणाऱ्या प्रश्नांना निगेटिव्ह नसतं, तिथे एकही रिकामा ठेवू नका. प्रश्न सोडायचा झाला तर उत्तरपत्रिकेवर काय करायचं, हे त्या वर्षीच्या सूचनांत नीट वाचून जा.

१७. माझा मुलगा नवोदयला बसतोय, मुलगी आठवीच्या शिष्यवृत्तीला. त्यांनाही हेच शिकवू का?

मुलाला हो, हलक्या हाताने. नवोदयच्या सहावी प्रवेश परीक्षेत भाषेचे चार उतारे, प्रत्येकी पाच प्रश्न, एकूण २५ गुण आणि निगेटिव्ह नाही. साकेगावच्या नवोदय विद्यालयात जायचं स्वप्न असेल तर एकही गोळा रिकामा ठेवायचा नाही, एवढं त्याला बजावा. कारणांपैकी त्याला दोनच शिकवा: "उताऱ्यात नाही" आणि "उताऱ्यापेक्षा जास्त बोलतो". पाचही शिकवलीत तर पोरगं उतारा सोडून कारणंच मोजत बसेल.

मुलीच्या बाबतीत सावध. आठवीच्या शिष्यवृत्तीत काही प्रश्नांना दोन अचूक पर्याय असतात (कमाल २० टक्के प्रश्न), प्रश्नात तसं सांगितलेलं असतं आणि दोन्ही रंगवले तरच गुण मिळतात. एकच उरेपर्यंत काटत जाण्याची सवय इथे नडते. अशा प्रश्नात दोन बाद झाले की थांबायचं. प्रश्न ७ मधला "दोन्ही सारखेच म्हणजे दोन्ही चूक" हा आडाखाही इथे लावू नये.

१८. एकदा दिलेलं उत्तर बदलावं का?

नवी ओळ सापडली असेल तर बदला. नुसती धाकधूक असेल तर राहू द्या. आणि गोळा पेनाने रंगवून झाला असेल तर प्रश्नच मिटला.

१९. सगळे पर्याय नीट तपासले, चारही चूक निघाले. पेपरच चुकला असेल तर?

चुकतो कधी कधी. पण परीक्षा चालू असताना तसं मानू नका. चारही मेले तर सगळ्यात किरकोळ कारणाने मेलेला उठवून बसवा. "सर्वाधिक योग्य" या शब्दांचा अर्थच असा की शंभर टक्के योग्य कुणी नसलं तरी चालेल.

राज्यसेवेची परीक्षा झाल्यावर राज्य लोकसेवा आयोग पहिली उत्तरतालिका संकेतस्थळावर टाकतो, ठरलेल्या मुदतीत ऑनलाइन हरकती घेतो आणि मग अंतिम तालिका येते. त्यात उत्तरं बदलतात, प्रश्न रद्दही होतात. हरकत लिहिताना "हे अन्यायकारक आहे" हे वाक्य काढून टाका. कोणत्या ओळीतला कोणता शब्द दिलेल्या उत्तराच्या विरुद्ध जातो तेवढं लिहा. काट मारताना कडेला कारण लिहायची सवय असेल, तर हरकत पाच मिनिटांत तयार होते.

२०. हे सगळं करायला वेळ कुठे आहे? ८० प्रश्न, दोन तास.

म्हणजे प्रश्नाला दीड मिनिट, त्यातच उतारा वाचणं आलं. सुरुवातीला ही रीत वेळ खाते, पहिल्या महिन्यात तुमचे गुण खालीही येतील. तेव्हाच मुलं सोडून देतात. एक उतारा, पाच प्रश्न, वेळ न लावता, आणि वीसच्या वीस पर्यायांसमोर कारण, असं रोज करा. दिवसाला दहा उतारे सोडवणाऱ्यापेक्षा असा एक सोडवणारा महिन्याभरात पुढे जातो, हे मी इथल्या टेबलांवर पाहिलं आहे.

साधारण पंचवीस उताऱ्यांनंतर वही चाळा आणि चुकीच्या उत्तरांसमोर कोणतं कारण पुन्हा पुन्हा सुटलंय ते मोजा. प्रत्येकाचं वेगळं असतं. एकाचं "काही"-"सर्व", दुसऱ्याचं उलटा बाण. माझं अजूनही बाहेरची माहिती. तापीचं नाव दिसलं की आजही हात शिवशिवतो.